'चेष्टा' मनातून आली, 'अवधान' कोशातून

पत्राचा सारांश : लिहिणाऱ्या ताई मूळच्या मध्य प्रदेशातल्या, मातृभाषा हिंदी. लग्नानंतर महाराष्ट्रात येऊन अकरा वर्षं झाली. भाजीवाल्याशी, शेजारणीशी, मुलाच्या बाईंशी मराठीतच बोलतात, कुठे अडत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मराठी शाळेच्या कार्यालयात नोकरी लागली आणि पालकांसाठी सूचना, पत्रं, सभांची इतिवृत्तं लिहिण्याचं काम अंगावर आलं. फोनमध्ये शब्दकोशाची दोन ॲप आहेत, भाषांतराचं एक. दहा ओळींच्या पत्राला तास-दीड तास लागतो, तरी चुका होतातच. एकदा 'पालकांनी मुलांना वेळेवर पाठवण्याची चेष्टा करावी' असं लिहिलं गेलं आणि ती सूचना आठवडाभर पालकांच्या गटावर फिरली. (हा शब्द ओळखीचाच असल्यामुळे कोशात पाहिला नव्हता, असं त्या सांगतात.) पुढे एकदा 'कृपया अवधान द्यावे' लिहिल्यावर मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, शाळेत कीर्तन ठेवलंय का?" मग 'ग्रंथालयाची पुस्तक हरवली आहे'. मुख्याध्यापकांचा सल्ला असा, की ती डिक्शनरी बंद करा आणि मनातून लिहा. ताई विचारतात : फोनमधला कोश ही कुबडी आहे का? सोडून द्यावा का? की याहून चांगलं एखादं ॲप आहे?

ताई,

तुमच्या तीन चुका शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या तर एक गंमत दिसते. 'चेष्टा' हा शब्द कोशातून आलाच नव्हता. तो थेट मनातून आला, आणि मनात तो हिंदीचा होता. म्हणजे ज्या चुकीमुळे तुम्हाला कोश बंद करायला सांगितलं गेलं, ती कोश न उघडल्यामुळे झाली. 'अवधान' मात्र खरोखर कोशातून आला. 'लक्ष' आणि 'अवधान' शेजारी दिसले असणार, आणि शाळेच्या पत्राला जरा भारदस्त शब्द शोभेल म्हणून तुम्ही दुसरा उचलला. 'पुस्तक हरवली'चं तिसरंच. शब्द बरोबर, अर्थ बरोबर, फक्त हिंदीतली स्त्रीलिंगी 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी होते, हे पाहायचं राहिलं. तीन वेगळी दुखणी आहेत. एकच औषध चालणार नाही, आणि 'मनातून लिहा' हे तर तिसऱ्या दुखण्यावर अजिबात चालणार नाही.

तरी तुमचे मुख्याध्यापक पूर्ण चुकले असं म्हणवत नाही. दहा ओळींना दीड तास लागतो, याचा अर्थ तुम्ही प्रत्येक वाक्याच्या मध्यात थांबून फोन उघडता. वाक्य अर्धवट राहतं, परत येईपर्यंत सुरुवातीचा कर्ता विसरतो, आणि वाक्याचा सांधा तिथेच निखळतो. तेव्हा कोश कधी उघडायचा, हा प्रश्न कोणता कोश उघडायचा याच्या आधीचा आहे.

तुमच्या पत्रात एक गृहीतक दडलं आहे, ते आधी बाजूला करू. तुम्ही धरून चालला आहात, की कोश न येणाऱ्या शब्दांसाठी असतो. तमिळ किंवा बंगाली माणूस मराठी लिहू लागला तर त्याच्यासाठी हे बऱ्याच अंशी खरं आहे. हिंदी माणसासाठी नाही. न येणाऱ्या शब्दापाशी तुम्ही अडता, अडलात की शोधता, शोधलं की बहुधा सापडतं. धोका आहे तो येणाऱ्या शब्दांत. लिपी एक, शब्द एक, अर्थ दुसरा. आणि शाळेच्या कार्यालयात असे शब्द पावलोपावली आहेत.

'शिक्षा' मराठीत दंडाची असते, विद्येची नाही, हे तुम्हाला अकरा वर्षांत कळलंच असेल. कमी उघड असलेले सांगते. हिंदीतलं परीक्षेचं 'परिणाम' म्हणजे मराठीत 'निकाल'. 'परीक्षेचा परिणाम' लिहिलंत तर पालक समजतील मुलाच्या तब्येतीवर काहीतरी झालं. 'हस्ताक्षर' मराठीत अक्षराचं वळण. कागदावर करायची ती 'सही' किंवा 'स्वाक्षरी'. 'अभ्यास' म्हणजे मराठीत विषय वाचणं, समजून घेणं. पुन्हापुन्हा करून हात बसवणं तो 'सराव'. 'कक्षा' ग्रहांची किंवा विचारांची, मुलांचा असतो तो 'वर्ग' किंवा 'इयत्ता'. रजेला 'अवकाश' लिहिलंत तर शिक्षक थेट अंतराळात जातील. हिंदीतला 'दफ़्तर' हा आपल्याकडे मुलाच्या पाठीवर असतो, म्हणून 'पालकांनी दप्तरात यावे' असं कधीही लिहू नका. ('दप्तर'चा कागदपत्रांचा जुना अर्थ 'दप्तर दिरंगाई'सारख्या शब्दांत अजून जिवंत आहे, त्यामुळे कोशात तो दिसेल आणि तुम्हाला फसवेल.) 'समाधान' हे प्रश्नाचं उत्तर नव्हे, मनाची तृप्ती. 'आपत्ती' ही पूर, भूकंप अशी. आक्षेपाला मराठी कार्यालयात 'हरकत' म्हणतात, म्हणून तुमच्याकडचं अनापत्ति प्रमाणपत्र इथे 'ना हरकत प्रमाणपत्र' होतं. 'कष्ट' मराठीत मेहनतीचे असतात. हिंदीत 'आने का कष्ट करें' म्हणतात, तिथे मराठीत 'येण्याची तसदी घ्यावी', किंवा सरळ 'यावे, ही विनंती'.

दोन शब्दांबद्दल जास्त जपा, कारण त्यांची चूक हसण्यावारी जात नाही. पहिला 'दाखला'. हिंदीत 'दाख़िला' म्हणजे प्रवेश. मराठी शाळेत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र, आणि पालकाच्या कानाला तो बहुतेक वेळा शाळा सोडल्याचा दाखला वाटतो. 'पुढील वर्षाचे दाखले सुरू झाले आहेत' अशी सूचना लागली, तर प्रवेश घ्यायला येणाऱ्यांऐवजी मुलाला शाळेतून काढणाऱ्यांची रांग लागेल. दुसरा 'कारवाई'. हिंदीत कसलंही पाऊल म्हणजे 'कार्रवाई'. मराठीत मात्र कागद पुढे सरकवणं ही 'कार्यवाही' आणि शिस्तीचा बडगा ही 'कारवाई'. एखाद्या आईने फी-सवलतीसाठी केलेल्या अर्जावर 'योग्य ती कारवाई करण्यात येईल' असं उत्तर गेलं, तर ती बिचारी घाबरून अर्ज मागे घेईल.

म्हणून कोश वापरण्याची वेळ आणि दिशा दोन्ही बदलून बघा.

पहिली फेरी फोन पालथा घालून करायची. दहा-बारा ओळींच्या पत्राला पंधरा मिनिटं पुरेत. शब्द अडला तर हिंदी शब्द तसाच लिहायचा आणि त्याभोवती चौकट काढायची. संगणकावर लिहीत असाल तर तो पिवळा करून पुढे जा. वाक्य मात्र पूर्ण करायचं. मुख्याध्यापकांचं 'मनातून लिहा' ते इथे.

दुसऱ्या फेरीत कोश उघडायचा, पण चौकटीतल्या शब्दांसाठी आधी नाही. आधी वाक्याचा भार वाहणारी नामं पाहा, विशेषतः जी हिंदीतही तशीच आहेत आणि ज्यांच्याबद्दल तुम्हाला मुळीच शंका नाही. 'चेष्टा' इथेच पकडला गेला असता : मराठी कोशात त्याच्यासमोर थट्टा, टिंगल हे अर्थ दिसतात. मग चौकटीतले शब्द घ्या. एका पत्रात आठ-दहापेक्षा जास्त शब्द शोधायची वेळ आली, तर वाक्यच तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे असं समजा आणि ते साधं करा.

चौकटीतला शब्द शोधताना बहुतेक जण हिंदीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत जातात, कारण हिंदी-मराठी ॲप तोकडी असतात. या दोन उड्यांत अर्थ सांडतो. 'कार्रवाई'चं इंग्रजीत 'ॲक्शन' झालं, की मराठीच्या बाजूला कृती, क्रिया, कारवाई, कार्यवाही असे चार शब्द उभे राहतात आणि त्यांतला कुठला घ्यायचा ते इंग्रजी शब्द सांगू शकत नाही. 'प्रिन्सिपल' टाकलात तर प्राचार्य मिळतील आणि कर्जाची मुद्दलही. उपाय एकच, सापडलेला मराठी शब्द उलटा तपासायचा. तो मराठी-मराठी कोशात घाला, किंवा निदान मराठी-इंग्रजीत, आणि त्याचे सगळे अर्थ वाचा, नुसता पहिला नाही. 'अवधान' असा उलटा घातला असतात, तर 'लक्ष' हा त्याचा अर्थ दिसलाच असता आणि तेवढ्याने तुमचं समाधान झालं असतं. तेव्हा आणखी एक पाऊल टाका : तो शब्द आजच्या सूचनांमध्ये कुणी वापरतं का ते पाहा.

ते असं पाहायचं. शोधयंत्रात नुसता शब्द घालू नका, दोन-तीन शब्दांचा तुकडा दुहेरी अवतरणचिन्हांत घाला : "निकाल जाहीर", "निकाल घोषित", "लक्ष द्यावे", "अवधान द्यावे". अवतरणचिन्हं नसली तर यंत्र शब्द सुटे करून काहीही आणून देतं. मग आकड्यांवर जाऊ नका, तो तुकडा लिहिला कुणी ते बघा. मराठी वर्तमानपत्र, शिक्षण मंडळाचं परिपत्रक, शासन निर्णय असेल तर धरा. यंत्राने भाषांतर केलेली दुकानांची आणि औषधांची पानं मराठीत ढिगाने आहेत, ती सोडा. पहिल्या दोन ओळी वाचल्या की ती ओळखू येतात. आकडे फसवतात याचं आणखी एक कारण म्हणजे मराठीही हिंदीकडून शब्द घेते आहे. 'साहेब व्यस्त आहेत' हे आता मराठी माणसंही सर्रास लिहितात. गणितातल्या 'व्यस्त प्रमाणा'ची आठवण असलेल्या जुन्या शिक्षकाला ते खुपतं. तुम्ही 'कामात आहेत' लिहा; कुणालाच खुपणार नाही.

तिसरी फेरी सगळ्यात छोटी, आणि तीच बहुतेक जण गाळतात. कोशातून आणलेला शब्द वाक्यात बसवला की त्याच्या क्रियापदाकडे परत जायचं. मराठीत तीन लिंगं आहेत आणि शब्द बदलला की मागचं सगळं हलतं. 'हस्ताक्षर करावे' मधलं 'हस्ताक्षर' काढून 'स्वाक्षरी' ठेवलंत, तर 'करावे'ची 'करावी' व्हायला हवी. निकाल जाहीर झाला, यादी जाहीर झाली, वेळापत्रक जाहीर झाले. हिंदीची सवय असणाऱ्यांना ठरावीक शब्द नडतात : 'पुस्तक' आणि 'दुकान' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी, 'आवाज' आणि 'विजय' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. 'वेळ' तर अर्थाप्रमाणे लिंग बदलतो : शाळेची वेळ बदलली, पण पालकांचा वेळ वाया गेला. कोशात शब्दापुढे पु., स्त्री., न. अशी बारीक अक्षरं असतात, इंग्रजी कोशांत एम, एफ, एन. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती अर्थाइतकीच महत्त्वाची आहेत. जे ॲप ती दाखवत नाही ते वाचताना वापरा, लिहिताना नको.

या तिन्ही फेऱ्या एका नमुन्यावर करून दाखवते. कच्चा मसुदा असा धरा :

'सर्व पालकांना सूचित केले जाते की वार्षिक परीक्षेचा परिणाम १ मे ला घोषित होईल। पालकांनी दप्तरात येऊन हस्ताक्षर करावे आणि समयावर येण्याची चेष्टा करावी।'

पक्का असा होईल :

'सर्व पालकांना कळविण्यात येते की, वार्षिक परीक्षेचा निकाल १ मे रोजी जाहीर होईल. पालकांनी शाळेच्या कार्यालयात येऊन स्वाक्षरी करावी व दिलेल्या वेळेत उपस्थित राहावे, ही विनंती.'

यातलं 'परिणाम', 'दप्तर', 'हस्ताक्षर', 'चेष्टा' कोशाने सुधारलं. पण 'केले जाते'चं 'कळविण्यात येते' कोणताही कोश सुधारून देणार नाही. ती मराठी सूचनेची घडण आहे. तसंच शेवटचं 'ही विनंती', आणि वाक्याच्या शेवटी उभ्या दंडाऐवजी टिंब. अशा घडणीसाठी शाळेच्याच जुन्या फायली काढा. चांगलं मराठी लिहिणाऱ्या एखाद्या जुन्या कारकुनाने लिहिलेली दहा पत्रं फोटो काढून फोनमध्ये ठेवा. शालेय शिक्षण विभागाचे शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. त्यांतले शब्द घ्या, वाक्यांची लांबी घेऊ नका.

आता शब्द सापडतच नाही, ही तक्रार. तुम्ही ती थेट केली नाहीत, पण तास-दीड तासातला बराच वेळ तिथे जात असणार. मराठी शब्द प्रत्यय लागताना आतून बदलतो. कोशात मात्र मूळ रूपच असतं. 'तारखेला' शोधलंत तर काही मिळणार नाही, 'तारीख' शोधावं लागतं. 'विद्यार्थ्यांना'साठी 'विद्यार्थी', 'दाखल्यावर'साठी 'दाखला', 'पावसात'साठी 'पाऊस'. उलट दिशेने अडचण आणखी मोठी, कारण 'तारीख' सापडल्यावर तिचं 'तारीखला' होतं की 'तारखेला', हे बहुतेक ॲप सांगत नाहीत. इथेही अवतरणचिन्हांतला शोध कामी येतो. शिवाय एक नियम लक्षात ठेवा : मराठी वळणाच्या शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार-उकार दीर्घ असेल तर प्रत्ययापूर्वी तो ऱ्हस्व होतो, जसं फूल-फुलाला, जमीन-जमिनीला, वडील-वडिलांना. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मात्र हलत नाही : शरीर-शरीराला, सूत्र-सूत्राला. शब्द संस्कृत आहे की नाही, हे कोश सांगतो. मराठी कोशात 'सं.' अशी खूण असते, मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात शब्दापुढे कंसात एस. ही खूण कुणी वाचत नाही, आणि शुद्धलेखनाच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

कधी शब्द बरोबर असतो आणि अक्षरं चुकीची पडलेली असतात. 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो, एक अखंड अक्षर आणि दुसरं 'अ'वर चंद्र चढवून. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला वेगळे. आडव्या 'ऱ्या'चंही तेच. तो टंकायला इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळफलकावर शिफ्ट धरून र-ची कळ दाबली की 'ऱ' येतो, त्याला हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि मग 'य'. ल-ची कळ शिफ्टसह दाबली की 'ळ'. 'ऱ्या' आणि 'र्या' यांत अर्थाचा फरक आहे : दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र, आचार्यांना बोलावलं तर गुरुजी येतील, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाकी.

हे वाचून फोन हातात घेणारच असाल, तर आधी कळफलकाची भाषा तपासा. माझी शंका अशी, की तुमच्या फोनवर हिंदी कळफलक आहे. तसं असेल तर तो तुमच्या नकळत 'समिति', 'उपस्थिति', 'अनुमति' अशी ऱ्हस्व रूपं पुढे करतो. मराठीत ती समिती, उपस्थिती, अनुमती. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा. तोच संस्कृत शब्द समासात पहिला आला तर ऱ्हस्व. म्हणून एकटा 'गुरू', पण 'गुरुपौर्णिमा'. हिंदी कळफलक 'फ़' आणि 'ज़'खाली टिंबही देतो. मराठीत ते नसतं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा आणि शाळेचं काम करताना तीच ठेवा.

'चांगलं ॲप कोणतं' याचं उत्तर एका नावात देता येत नाही, पण परीक्षा सांगता येते. कुठलंही ॲप उघडून पाच शब्द घाला : चेष्टा, दाखला, वेळ, हस्ताक्षर, परिणाम. पाचांपैकी चारांचे मराठी अर्थ बरोबर, लिंग दिलेलं, आणि निदान एखाद-दुसऱ्याला उदाहरणाचं वाक्य असेल तर ठेवा. जे ॲप 'चेष्टा'समोर फक्त 'प्रयत्न' दाखवेल, ते हिंदीवरून उचललेलं आहे. काढून टाका.

ॲपपेक्षा भरवशाची सामग्री शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तिथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, पहिला १८३१चा, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ची. अफाट कोश आहे, लिंग, व्युत्पत्ती, वाक्प्रचार सगळं देतो. पण तो पेशवाई संपून फार दिवस झाले नव्हते तेव्हाच्या मराठीचा आहे. त्यातला शब्द समजून घ्यायला वापरा, सूचनेत उतरवण्याआधी आजच्या लिखाणात पडताळा. लेखनही जुनं : तिथे 'करणें' आहे, 'करणे' नाही. शब्द सापडला नाही तर शेवटी अनुस्वार देऊन पाहा. दाते-कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे, मराठीतून मराठीत, वाक्प्रचारांनी भरलेला. आणि तुमच्यासाठी तिथला सगळ्यात सोयीचा म्हणजे मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांचा छोटा मराठी-इंग्रजी कोश. बर्नसनबाई अमेरिकेतून येऊन फलटणला राहिल्या, मराठी त्यांनी स्वतः परकी भाषा म्हणून शिकली. त्यामुळे शिकणाऱ्याचं पाऊल कुठे घसरतं ते त्या कोशाला ठाऊक आहे. शब्द थोडे, पण रोजचे.

कार्यालयीन शब्दांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे कोश पाहा, तेही ऑनलाइन आहेत. ते इंग्रजीतून मराठीत जातात आणि विषयवार आहेत. 'किरकोळ रजा' की 'नैमित्तिक रजा' असल्या प्रश्नांचा निकाल तिथे लावावा. हिंदीतलं 'आकस्मिक अवकाश' इथे 'नैमित्तिक रजा' आणि 'अर्जित अवकाश' इथे 'अर्जित रजा' आहे. संचालनालयाचे काही शब्द फार जड आहेत. पालकांच्या सूचनेत ते नकोत, संस्थेच्या पत्रव्यवहारात चालतील.

भाषांतराच्या ॲपबद्दल माझं मत कडक आहे. त्याच्याकडून मराठी मसुदा करून घेऊ नका. इंग्रजीतून केलात तर एकाच पत्रात 'तुम्ही', 'तू' आणि 'आपण' नांदतात, हिंदीतून केलात तर सारखे दिसणारे शब्द ते कधीकधी तसेच उचलून ठेवतं आणि चूक झाकली जाते. स्वतः लिहिलेलं मराठी त्यात घालून हिंदीत उलटं वाचून पाहायला हरकत नाही. एखादं मोडलेलं वाक्य तेव्हा ध्यानात येतं. त्यातही मुलांची नावं, फोन नंबर, आधारचे आकडे असलेला मजकूर कधी घालू नका.

एक वही करा, फोनमध्ये केलीत तरी चालेल. शब्द आणि अर्थ अशी जोडी लिहू नका, ती महिन्याभरात विसरते. ओळ अशी लिहा : हा दाखला, दाखल्यावर, दाखला देणे किंवा काढणे. ही तारीख, तारखेला, तारीख ठरवणे. ही रजा, रजेवर, रजा मंजूर करणे. हे शुल्क, शुल्कात, शुल्क भरणे (हिंदीत जमा करतात, मराठीत भरतात). हा ठराव, ठरावाला, ठराव मांडणे किंवा मंजूर करणे. हे इतिवृत्त, इतिवृत्तात, इतिवृत्त वाचून कायम करणे. लिंग, बदललेलं रूप आणि सोबतचं क्रियापद एकाच ओळीत आलं, की पुढच्या वेळी कोश उघडायलाच नको. शाळेच्या वर्षाचं चक्र ठरलेलं असतं : प्रवेश, पालकसभा, सहल, स्नेहसंमेलन, परीक्षा, निकाल. साठ-सत्तर ओळी झाल्या की वर्ष निघतं.

कार्यालयात मराठी चांगलं असणारं एखादं माणूस असेलच. त्यांना अख्खं पत्र देऊन 'हे बरोबर आहे का' विचारू नका. घाईत असतील तर 'हो हो' म्हणतील, निवांत असतील तर सगळं पुन्हा लिहून देतील, आणि दोन्हीत तुमच्या हाती काही लागत नाही. एकच नेमका प्रश्न विचारा : 'अर्जावर कार्यवाही म्हणू की कारवाई?' असल्या प्रश्नाला मराठी माणूस हातातला चहा खाली ठेवून उत्तर देतो.

जाता जाता : या सदरात 'केलं', 'असतं' असं बोलण्यातलं लेखन आहे, ते पाहून शाळेच्या पत्रात तसं करू नका. तिथे 'केले', 'असते'.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र तिन्ही फेऱ्यांना वेळ नसतो. बस उशिरा येणार असते आणि पाच मिनिटांत तीस फोन येतात. त्यासाठी नेहमीची पंधरा-वीस वाक्यं एकदाच नीट तपासून फोनच्या कळफलकातल्या वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवा, प्रत्येकाला दोन अक्षरांची खूण देऊन. 'बउ' टाइप केलं की 'आज शाळेची बस अंदाजे २० मिनिटे उशिरा पोहोचेल. कृपया नोंद घ्यावी.' हे वाक्य वरच्या पट्टीत दिसेल. त्यात फक्त मिनिटांचा आकडा बदला आणि पाठवा.